गुलामांनी बेट जिंकलं, नेपोलियनने लुईझियाना विकलं

एप्रिल १८०३ मध्ये अमेरिकेचे दोन प्रतिनिधी पॅरिसमध्ये एका शहराचा सौदा करू पाहत होते. शहर न्यू ऑर्लिन्स. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं हे बंदर ताब्यात आलं की आतल्या मुलखातला माल समुद्रापर्यंत बिनघोर नेता येईल, एवढाच त्यांचा हिशेब. फ्रान्सकडून उलटा प्रश्न आला: सगळाच लुईझियाना घेतला तर काय द्याल? रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आणि जेम्स मन्रो यांना एवढ्या मोठ्या खरेदीचा अधिकारही नव्हता, पण अशी संधी कोण सोडतो? ३० एप्रिल तारखेच्या तहाने सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर मुलूख दीड कोटी डॉलर्सना अमेरिकेच्या नावावर झाला. एकरी जेमतेम तीन सेंट. आजच्या अमेरिकेतली पंधरा राज्यं पूर्ण किंवा अंशतः त्या मुलखात येतात. (तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना अर्थातच कोणी विचारलं नाही.)

हाच मुलूख नेपोलियनने अडीच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १८०० मध्ये, गुप्त करार करून स्पेनकडून परत मिळवला होता. मग हातात आलेलं एवढं घबाड त्याने विकलं का? नेहमीचं उत्तर असं, की इंग्लंडशी युद्ध तोंडावर होतं आणि पैशांची निकड होती. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं उत्तर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर सापडतं. तिथे गुलामांनी बारा वर्षं लढून फ्रान्स, स्पेन आणि इंग्लंड या तिघांनाही हात टेकायला लावले.

त्या वसाहतीचं नाव सँ दोमँग. आजचा हैती देश तो हाच. क्षेत्रफळ सत्तावीस-अठ्ठावीस हजार चौरस किलोमीटर. १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून जास्त कॉफी एवढ्याशा जमिनीतून येत होती. बोर्दो आणि नांत या फ्रेंच बंदरांवरचे टोलेजंग वाडे याच पैशातून उभे राहिले. वसाहतीने माल फक्त फ्रान्सला विकायचा, फ्रान्सने तो पुढे युरोपभर विकायचा, असा बांधीव व्यापार होता.

ही साखर पिकवणारी माणसं जवळपास पाच लाख, सगळी गुलाम. त्यांच्यावर राज्य करणारे गोरे तीस-चाळीस हजार. यांच्या मध्ये साधारण तितकेच, तीसेक हजार, स्वतंत्र पण गोरे नसलेले लोक होते. त्यांच्यातले काही स्वतः मळेवाले आणि गुलामांचे मालक होते, पण गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क त्यांनाही नव्हते.

ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको: तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसभरात गाळला नाही तर रस आंबतो. त्यामुळे हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा. पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकाच्या रुळांमध्ये गेला तर लगेच तोडता यावा, म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. पुढे उकळत्या काहिली. तिथे भाजणं हा रोजच्या कामाचाच भाग. मळेवाल्यांचं गणित उघड होतं: माणूस जगवण्यापेक्षा त्याला मरेस्तोवर राबवून दुसरा विकत आणणं स्वस्त. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असल्यामुळे क्रांतीपूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत आफ्रिकेतून वर्षाला तीस हजारांहून अधिक माणसं या एका वसाहतीत आणली जात होती. याचा एक परिणाम मालकांच्या ध्यानात आला नाही. १७९१ मध्ये तिथल्या निम्म्याहून अधिक गुलामांचा जन्म आफ्रिकेत झालेला होता. त्यांना स्वातंत्र्य आठवत होतं. कांगोच्या यादवी युद्धांत लढलेले, बंदूक चालवता येणारे शिपाई त्यांच्यात होते.

बंडं याआधीही झाली होती, आणि ती वाया गेली असं म्हणता येत नाही. जमैकाच्या डोंगरांत पळून जाऊन वस्त्या केलेल्या लोकांशी इंग्रजांना १७३९ मध्ये तह करावा लागला. १७६३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या बर्बिस या डच वसाहतीचा बराचसा भाग गुलामांनी महिनोन् महिने ताब्यात ठेवला होता. पण शेवटी बाहेरून जहाजं आली, कुमक आली, फाशी झाल्या आणि मळे पुन्हा सुरू झाले. बंड ही वसाहतवाल्यांना धंद्यातली एक जोखीम वाटत होती, वादळासारखी.

सँ दोमँगमध्ये वेगळं काय घडलं? एक तर राज्यकर्तेच आपसात भांडत होते. १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि समतेची भाषा बेटावर पोचली. गोऱ्या मळेवाल्यांना ती पॅरिसच्या जाचातून सुटण्यासाठी हवी होती, स्वतंत्र मिश्रवंशीयांना गोऱ्यांच्या बरोबरीसाठी. विन्सें ओजे नावाच्या मिश्रवंशीय पुढाऱ्याने १७९० मध्ये हक्कांसाठी उठाव केला. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला ल काप शहराच्या चौकात चाकावर हाडं मोडून मारलं. ओजेला गुलामांची मुक्तता नको होती, फक्त स्वतःच्या वर्गाचे हक्क हवे होते. पण वरचे एकमेकांचे गळे धरत आहेत, हे गुलाम पाहतच होते.

ऑगस्ट १७९१ मधल्या एका रविवारी उत्तरेकडच्या मळ्यांवरचे प्रतिनिधी एका ठिकाणी जमले. त्यांत बरेच जण मुकादम होते. मालकाच्या विश्वासातले, टोळीवर देखरेख करणारे, एका मळ्यावरून दुसऱ्यावर जायची मुभा असलेले लोक. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे बंड म्हणजे सहनशक्ती संपलेल्या माणसांचा एका रात्रीचा भडका नव्हता. मळ्यांची शिस्त ज्यांच्या हातांनी चालायची, त्याच हातांनी ती शिस्त फिरवली. बुकमन नावाचा पुढारी आणि बुआ काइमाँच्या जंगलातला शपथविधी यांच्या कथा हैतीत आजही सांगतात. २२ ऑगस्टच्या रात्री मळे पेटायला लागले. काही आठवड्यांत उत्तरेचं सुपीक मैदान काळं पडलं. शेकडो मळे, चरक, काहिली, उसाचे फड, सगळं गेलं.

बुकमन काही महिन्यांतच मारला गेला. पुढे नाव गाजलं ते तूसँ लुव्हर्त्यूर या माणसाचं. ब्रेदा नावाच्या मळ्यावर तो गाडीवान होता, गुराढोरांचं औषधपाणी त्याला यायचं, लिहिता-वाचता यायचं आणि बंडाच्या बऱ्याच आधी तो गुलामीतून सुटलेला होता. पन्नाशीच्या आसपासचा, लहानखुरा. त्याने विस्कळीत टोळ्यांचं सैन्य बनवलं.

१७९३ मध्ये फ्रान्सचं इंग्लंड आणि स्पेन या दोघांशी युद्ध जुंपलं आणि दोघांचीही नजर या साखरेवर गेली. स्पेनने बेटाच्या आपल्या ताब्यातल्या पूर्व भागातून बंडखोरांना बंदुका आणि हुद्दे दिले. तूसँ तेव्हा स्पेनच्या बाजूने लढत होता. इंग्रज सप्टेंबरमध्ये जेरेमी बंदरावर उतरले. गोऱ्या मळेवाल्यांनी त्यांचं स्वागत केलं, कारण इंग्रज गुलामी टिकवतील याची त्यांना खात्री होती. फ्रान्सचा प्रतिनिधी सोंतोना याच्याकडे ना पुरेसे शिपाई होते, ना कुमक येण्याची आशा. बेट वाचवायचं तर लढायला माणसं हवीत, आणि माणसं होती ती सगळी गुलाम. २९ ऑगस्ट १७९३ रोजी त्याने उत्तर प्रांतातल्या गुलामांना मुक्त जाहीर केलं. मग सँ दोमँगहून तीन प्रतिनिधी पॅरिसला गेले, एक काळा, एक मिश्रवंशीय आणि एक गोरा. त्यांचं म्हणणं ऐकून ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या संसदेने सगळ्याच फ्रेंच वसाहतींतली गुलामी रद्द केली.

पॅरिसच्या विचारवंतांनी गुलामांना स्वातंत्र्य दिलं, असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. तारखा उलटं सांगतात. राज्यक्रांतीनंतर साडेचार वर्षं त्या संसदांना गुलामीला हात लावायचा धीर झाला नव्हता. बेटावर स्वातंत्र्य आधी मिळवलं गेलं, कागद मागून आला.

यानंतर तूसँ फ्रान्सच्या बाजूला आला. स्पेनने १७९५ च्या तहात बेटाचा आपला भाग फ्रान्सला सोडला. इंग्रज मात्र पाच वर्षं अडकून पडले. वीस हजारांहून अधिक शिपाई त्यांनी इथे ओतले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त गमावले, बहुतेक पीतज्वराने. १७९८ मध्ये तूसँशी बोलणी करून ते निघून गेले. या काळात इंग्रज सरकारने एक अजब धंदा केला. कॅरिबियन बेटांवर गोरे शिपाई टिकत नाहीत म्हटल्यावर १७९५ पासून त्याने स्वतःच सुमारे तेरा हजार गुलाम विकत घेतले आणि त्यांच्या पलटणी उभ्या केल्या. गुलामी राखायला गुलामांच्याच हाती बंदूक द्यायची वेळ साम्राज्यावर आली होती.

तूसँचं राज्य आदर्श वगैरे नव्हतं. मळे चालले नाहीत तर बंदुका-दारूगोळ्याला पैसा कुठून येणार, म्हणून त्याने मुक्त झालेल्या लोकांना लष्करी शिस्तीत पुन्हा उसाच्या फडात उभं केलं. चाबूक बंद आणि उत्पन्नाचा चौथा हिस्सा मजुरांना, एवढा फरक. लोकांना स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा होता. १८०१ मध्ये याच रागातून उठाव झाला तेव्हा तूसँने आपला पुतण्या मानला जाणारा सेनापती मोइज याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी त्याने राज्यघटना करून स्वतःला तहहयात गव्हर्नर नेमलं. नावापुरतं फ्रान्सचं राज्य कायम ठेवलं.

आता नेपोलियनकडे वळू. त्याचा बेत कागदावर देखणा होता. सँ दोमँग हा गल्ला आणि लुईझियाना हे कोठार. साखरेच्या बेटांवर इंच न् इंच जमीन उसाखाली असल्याने पीठ, खारवलेले मासे, लाकूड, जनावरं सगळं बाहेरून यायचं, आणि त्यातलं बरंचसं अमेरिकन व्यापाऱ्यांकडून. ते लुईझियानातून आणलं की पैसा घरातच राहील. दोन्ही टोकांना फ्रेंच सैन्य बसलं की मेक्सिकोच्या आखातावर फ्रान्सचा वचक. पण यात एक अट होती: गल्ला भरला पाहिजे, म्हणजे सँ दोमँगला पुन्हा स्वस्तातली साखर निघाली पाहिजे, म्हणजे चाबूक परत आला पाहिजे.

इंग्लंडशी तात्पुरता समेट होताच डिसेंबर १८०१ मध्ये नेपोलियनने आपला मेहुणा सेनापती लक्लेर याला मोठं आरमार देऊन रवाना केलं. सुरुवातीला वीसेक हजार सैन्य, नंतरच्या तुकड्या धरून आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. लक्लेरला गुप्त सूचना होत्या: आधी गोड बोलायचं, पुढाऱ्यांना मान द्यायचा, मग एकेकाला पकडून फ्रान्सला धाडायचं आणि लोकांची हत्यारं काढून घ्यायची.

फेब्रुवारी १८०२ मध्ये लक्लेर ल कापसमोर आला तेव्हा तिथला सेनापती क्रिस्तोफ याने शहराला स्वतःच आग लावली. तूसँने देसालिन या आपल्या सरदाराला पत्र लिहिलं. त्यातला आशय असा: पावसाळा आला की तो शत्रूपासून आपली सुटका करेल, तोवर आपल्यापाशी जाळपोळ हाच उपाय आहे. पीतज्वर डास पसरवतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते शंभर वर्षांनी कळलं. पण नवखा गोरा शिपाई पावसाळ्यात मरतो, हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं. नेपोलियनला डासांनी हरवलं, असं गमतीने म्हणतात. मला ते पटत नाही. डास तर मळेवाल्यांच्या काळातही होते. शत्रूला डासांच्या हंगामापर्यंत रेटत नेणं आणि तोवर सैन्य शाबूत ठेवणं ही युद्धकला आहे.

तरी लक्लेर जवळजवळ जिंकला होता. क्रिस्तोफ, देसालिन आणि खुद्द तूसँ यांनी मे १८०२ पर्यंत शरणागती पत्करली. जूनमध्ये बोलणी करायच्या बहाण्याने बोलावून तूसँला पकडलं आणि फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या थंड किल्ल्यात डांबलं. ७ एप्रिल १८०३ रोजी तो तिथेच मेला. पण मधल्या काळात पॅरिसने घाई केली. १७९४ चा कायदा जिथे लागूच झाला नव्हता, अशा मार्तिनिकसारख्या बेटांवरची गुलामी मे १८०२ च्या कायद्याने कायम ठेवली. ग्वादलूप बेटावर १७९४ च्या कायद्याने मुक्त झालेल्यांना पुन्हा गुलाम केलं. तिथे लुई देलग्रेस आणि त्याच्या शेकडो साथीदारांनी शरण जाण्यापेक्षा दारूगोळ्याला आग लावून स्वतःला उडवून घेतलं. ही बातमी सँ दोमँगला पोचली आणि डावच उलटला. आपल्या नशिबी काय वाढून ठेवलंय, हे आता सांगायला नको होतं.

पुढारी फ्रेंचांच्या पगारावर असताना सामान्य लोकांनी लढाई पुन्हा सुरू केली. देसालिन आणि क्रिस्तोफ त्यांच्या मागून आले. लक्लेरची त्या महिन्यांतली पत्रं हबकलेल्या माणसाची आहेत. हे लोक मरणाला हसतात, बायकाही तशाच, असं तो कळवतो. ऑक्टोबरच्या पत्रात तो म्हणतो, की डोंगरांतल्या सगळ्यांना, बायकांसकट, मारून टाकावं लागेल, फक्त बारा वर्षांखालची मुलं ठेवावीत. हे लिहिल्यावर महिन्याभरात, २ नोव्हेंबर १८०२ रोजी, पीतज्वराने तोच गेला. त्याच्या जागी आलेल्या रोशाँबोने माणसांवर सोडायला क्यूबाहून शिकारी कुत्रे मागवले. मिश्रवंशीयांसकट जे कोणी अजून फ्रान्सच्या बाजूला होते तेही यामुळे देसालिनला मिळाले.

या बातम्या पॅरिसला येत होत्या तेव्हा लुईझियानाला जायचं सैन्य हॉलंडच्या बंदरात बर्फात अडकून पडलं होतं. जानेवारी १८०३ मध्ये नेपोलियनने साखर, कॉफी आणि वसाहती या तिन्हींच्या नावाने शिव्या हासडल्याची नोंद त्याचा सल्लागार रोदेरेर याने केली आहे. गल्लाच गेला तर कोठार राखून काय करायचं? त्यात इंग्लंडशी युद्ध होणार आणि त्यांचं आरमार ते कोठारही सहज लुटणार. तीन महिन्यांनी सौदा झाला. युद्ध आणि पैशांची चणचण ही कारणं त्यात होतीच, पण नेपोलियनची युद्धं कधी नव्हती? बेत मोडला तो बेटावर.

१८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तियेरच्या लढाईत रोशाँबो हरला. १ जानेवारी १८०४ रोजी देसालिनने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यानंतरच्या महिन्यांत त्याने मागे राहिलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची, बायकामुलांसकट काही हजारांची, कत्तल करवली. ती घटना लपवण्यात अर्थ नाही. बाकीच्या जगातले गुलाममालक पुढची साठ वर्षं तिचाच दाखला देत राहिले.

जगाने या देशाशी कसं वागायचं ठरवलं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेने १८६२ पर्यंत हैतीला मान्यता दिली नाही. फ्रान्सने १८२५ मध्ये दिली, पण चौदा युद्धनौका समोर उभ्या करून. मान्यतेची किंमत १५ कोटी फ्रँक, म्हणजे मालकांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई. त्या मालमत्तेत हैतीतली माणसंच धरलेली होती. १८३८ मध्ये रक्कम कमी करून एकूण ९ कोटींवर आणली. ती भागवायला कर्जं काढली गेली, आणि त्यांचे हप्ते विसाव्या शतकापर्यंत चालले. लढाईत गेलेल्या साम्राज्याची वसुली कर्जाच्या वाटेने झाली.

गुलामी यामुळे लगेच जगभर संपली, असंही नाही. सँ दोमँगची साखर बाजारातून उठली तशी क्यूबातल्या स्पॅनिश मळेवाल्यांनी ती जागा पकडली आणि तिथे आफ्रिकेतून माणसं आणण्याचा वेग वाढला. लुईझियाना अमेरिकेकडे गेल्यावर तिथेही ऊस आणि कापसाबरोबर गुलामी पसरली. उलट बाजूला, १८१६ मध्ये हैतीचा अध्यक्ष पेतियाँ याने स्पेनविरुद्ध लढणाऱ्या सिमोन बोलिव्हारला बंदुका आणि जहाजं दिली, बदल्यात एकच मागणी केली: जो मुलूख सोडवशील तिथले गुलाम सोड. स्पेनचं दक्षिण अमेरिकेतलं राज्य उलथायला ही मदत कामी आली.

इंग्रजांच्या बाबतीत सरळ धागा जमैकाला सापडतो. डिसेंबर १८३१ मध्ये, नाताळानंतर, सॅम्युएल शार्प या धर्मोपदेशकाने मजुरी मिळाल्याशिवाय काम नाही अशी भूमिका घेऊन संप उभारला. संपाचं बंड झालं. त्यात साठेक हजार गुलाम उतरले असा अंदाज आहे. गोरे मेले चौदाच्या आसपास. गुलामांपैकी दोनशेहून जास्त लढाईत आणि तीनशेहून जास्त फाशीने. मे १८३२ मध्ये शार्पलाही फाशी दिलं. पण लंडनमध्ये प्रश्न बदलला होता. गुलामी योग्य की अयोग्य यावरची भाषणं चाळीस वर्षं चालूच होती. आता सरकारला विचारायचं होतं, की पुढचं बंड दाबायला किती सैन्य ठेवावं लागेल आणि जमैकाचं सँ दोमँग झालं तर काय. १८३३ मध्ये गुलामी संपवणारा कायदा झाला. २ कोटी पौंड भरपाई ठरली, तीही मालकांना.

याच कायद्यापाशी ही कथा मराठी माणसापर्यंत येते, मॉरिशसच्या वाटेने. १७९४ चा मुक्तीचा कायदा या बेटालाही लागू होता, कारण ते तेव्हा फ्रान्सचं होतं. १७९६ मध्ये पॅरिसचे दोन अधिकारी तो अमलात आणायला आले तेव्हा तिथल्या मळेवाल्यांनी त्यांना जहाजात बसवून परत पाठवलं. सँ दोमँग त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. इंग्रजांनी बेट १८१० मध्ये घेतलं तरी गुलामी चालूच राहिली आणि १८३५ मध्ये कायद्याने सुटली. मुक्त झालेले बहुतेक लोक मळ्यांवर राहायला तयार नव्हते. मळेवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. नोव्हेंबर १८३४ मध्ये कलकत्त्याहून ‘ॲटलास’ जहाजातून छत्तीस करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले होते.

पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे गेले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासमार्गे, थोडे मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसं होती. त्यांच्या वंशजांमुळे मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांमध्ये मराठी शिकता येते.

ही माणसं गुलाम नव्हती. त्यांच्याकडे करार होता, ठरावीक वर्षांची मुदत होती, पगार होता. पण एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत होती, आणि काम सोडून गेल्यास तुरुंग. तक्रारी इतक्या झाल्या की १८३९ मध्ये सरकारला मजूर पाठवणं थांबवावं लागलं. मळेवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर १८४२ मध्ये मॉरिशसची वाट पुन्हा उघडली. वसाहतींकडे करारावर मजूर पाठवणं बंद व्हायला १९१७ साल उजाडावं लागलं.